हुकरच्या वाटेने सिक्कीम: चालायचं ठरलंय, पण शोधायचं नक्की काय?

रानभूल

जोसेफ डाल्टन हुकरचं 'हिमालयन जर्नल्स' (1854) गेले काही महिने शेजारी नकाशा पसरून वाचतोय. आता आमच्या ट्रेकच्या टोळक्याने ठरवलंय की त्यातला जमेल तेवढा रस्ता पायी करायचा. इथे वनस्पतींची जाण असलेले, सिक्कीम-दार्जिलिंग फिरलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांना हुकर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा जानेवारी 1848 मध्ये कलकत्त्याला उतरला आणि एप्रिलात दार्जिलिंगला पोचला. वय तीस. वडील लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक, आणि स्वतः त्याआधीच अंटार्क्टिकाची सफर करून आलेला. दार्जिलिंगला ब्रायन हॉजसनच्या घरी मुक्काम ठोकला. सिक्कीमचा राजा आत येऊ देईना, म्हणून आधी जवळच्या तोंगलूवर चक्कर मारली आणि मग नेपाळचा पंतप्रधान जंगबहादुर याच्या परवानगीने पूर्व नेपाळ गाठलं. 27 ऑक्टोबर 1848 ला दार्जिलिंगहून निघालेल्या तांड्यात 56 माणसं होती! हमाल, गुरखा शिपाई, झाडांवर चढणारे आणि पक्षी टिपणारे लेपचा (तिथली स्थानिक जमात), सगळे धरून. तमूर नदीच्या खोऱ्याने वर वालुंगचुंग, यांगमा, मग सिक्कीममधून परत.

दुसरी फेरी मे 1849 पासून, खुद्द सिक्कीममध्ये: तीस्तेच्या काठाने चुंगथांग, तिथून लाचेन आणि लाचुंग ही दोन्ही खोरी, वर कोंग्रा ला आणि डोंक्या ला या खिंडी ('ला' म्हणजे खिंड). ही भर पावसाळ्यातली. जळवा, दरडी, वेताचे पूल आणि वरून तांदूळ वेळेवर येऊ न देणारे अधिकारी.

तर प्रश्न असा की यातला कुठला टप्पा घ्यावा? आणि नुसतं चालून येण्यापेक्षा त्याने लिहिलेल्या झाडांशी ताडून बघता येईल असं काही करता येईल का?

सह्यवेडा

जबरी कल्पना. मी आहे, टोळक्यात जागा असेल तर.

परवानग्यांचं आधी बघा. लाचेन, लाचुंग, युमथांग, गुरुडोंगमार या बाजूला भारतीयांनाही परवाना लागतो आणि तो नोंदणीकृत सहल संस्थेमार्फतच काढावा लागतो. डोंक्या ला आणि चो ल्हामू सरोवर हा सीमेलगतचा लष्करी भाग, तिथे 'हुकर गेला होता म्हणून आम्हालाही जायचंय' हे कारण चालणार नाही. नेपाळातलं ओलांगचुंग गोला (हुकरचं वालुंगचुंग) कांचनजंगा संवर्धन क्षेत्रात येतं. तिथे वेगळा प्रतिबंधित क्षेत्राचा परवाना आणि सोबत वाटाड्या सक्तीचा.

राहिली सिंगलीला डोंगररांग. मानेभंज्यांग, तोंगलू, सांदकफू, फालूट. हे सगळ्यांत सोपं. पण आता सांदकफूपर्यंत जीप जाते, त्यामुळे हुकरची आठवण येण्याऐवजी डिझेलचा वास येतो, एवढं सांगून ठेवतो.

काटेसावर

रानभूल, पहिला प्रश्न ऋतूचा. हुकरची नेपाळची फेरी ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणजे फुलं संपलेली, बिया तयार. त्याला बियाच हव्या होत्या. ऱ्होडोडेंड्रॉन या डोंगरी फुलझाडाच्या बिया क्यूला गेल्या आणि तिथून इंग्लंड-स्कॉटलंडच्या बागांत पसरल्या. तुम्ही त्याच तारखांना गेलात तर थंडी, निरभ्र शिखरं आणि सुकलेली बोंडं बघून परत याल. फुलं बघायची असतील तर एप्रिल-मे, आणि वरच्या कुरणांतली बघायची तर जून ते ऑगस्ट, म्हणजे त्याच्या दुसऱ्या फेरीचा काळ. दोन फेऱ्यांची सरमिसळ करू नका.

तोंगलू-सिंगलीला पट्ट्यात मे महिन्यात एक गोष्ट आवर्जून शोधा. ऱ्होडोडेंड्रॉन डल्हौजी. हे जमिनीत नाही, मोठ्या ओकच्या नाहीतर मॅग्नोलियाच्या फांदीवर वाढतं, आपल्याकडे आंब्यावर आमरी असते तसं. पांढरट पिवळी, लिलीसारखी मोठी फुलं. लॉर्ड डल्हौजी आणि हुकर एकाच बोटीने भारतात आले होते, म्हणून नाव लाटसाहेबांच्या बायकोचं. थॉमसनी, हॉजसनी, कॅम्पबेली… त्याने मित्रांची आणि यजमानांची नावं ऱ्होडोडेंड्रॉनांना अशी वाटली की आभारपत्र लिहायची वेगळी गरजच उरली नसावी. :)

आणि लाचेनच्या बाजूला गेलात तर ऱ्हीअम नोबिले, सिक्कीमचा ऱ्हुबार्ब. हुकरला तो पहिल्यांदा दिसला तो मैलभर अंतरावरून: 14,000 फुटांवरच्या काळ्या कड्यांवर फिकट पिवळे ठिपके. जवळ जाऊन बघितलं तर हातभराहून उंच मनोरे, कौलांसारखी एकावर एक चढवलेली फिकट पानं. ही वरची पानं अर्धपारदर्शक असतात. आतली फुलं त्यांच्यामागे झाकलेली. प्रकाश आत येतो, अतिनील किरण बरेचसे बाहेर अडतात आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते. वनस्पतीने स्वतःपुरतं बांधलेलं काचघरच. स्थानिक लोक याला चुका म्हणतात, दांडा आंबट लागतो आणि खातात, हेही हुकरने नोंदलंय.

माळरान

वाचतेय. काटेसावर, लिहीत राहा.

बखरीबाहेर

थोडं पाणी टाकतो, रागावू नका.

'ऐतिहासिक मोहीम' म्हणताना तिच्यातला राजकारणाचा भाग गाळू नये. ऑक्टोबर 1849 मध्ये हुकर आणि दार्जिलिंगचा सुपरिंटेंडंट आर्चिबाल्ड कॅम्पबेल कोंग्रा लावरून तिबेटच्या हद्दीत घुसले, चो ल्हामूच्या काठाने फिरले आणि डोंक्या लावरून परत आले. अडवायला आलेल्यांना चुकवून हुकर घोडं दामटत पुढे गेला, हे तो स्वतःच मजेत सांगतो. पुढच्याच महिन्यात, 7 नोव्हेंबरला, चो लाच्या अलीकडे सिक्कीमच्या दिवाणाच्या माणसांनी कॅम्पबेलला पकडून बांधलं, मारहाण केली. हुकरला हात लावला नाही, पण तोही अडकला. डिसेंबरच्या 24 तारखेला दोघं दार्जिलिंगला परतले.

किंमत कुणी मोजली? सिक्कीमने. दार्जिलिंगच्या बदल्यात राजाला वर्षाला 6,000 रुपये मिळत होते, ते बंद. वर तराई आणि खालचा डोंगराळ पट्टा कंपनीने घशात घातला. राजा या लोकांना आत का येऊ देत नव्हता, हे मग वेगळं सांगायला नको. सर्वेक्षण करणारा, नकाशा काढणारा, खिंडींची उंची मोजणारा माणूस नुसता फुलं गोळा करत नसतो, हे त्याला दिसत होतं. हुकरचा सिक्कीमचा नकाशा पुढे बराच काळ सरकारी कामात वापरला गेला.

रानभूल

बखरीबाहेर, रागावण्यासारखं काहीच नाही. फक्त एक. हुकरच्या पुस्तकात राजाचे अधिकारी अडवणूक करणारे म्हणून येतात खरे, पण लेपचा सोबत्यांबद्दल तो ज्या मायेने लिहितो ते त्या काळच्या साहेबांत क्वचित दिसतं. दुसऱ्या फेरीतला मीपो नावाचा लेपचा तर पानापानावर आहे. वाटा त्याच्या, ओळखी त्याच्या.

बखरीबाहेर

मान्य. पण मीपोच्या नावाचं एकही ऱ्होडोडेंड्रॉन नाही.

माळरान

😄 हे बाकी खरं.

त्या कुत्र्याचं काय झालं हो? कांचनजंगेवरून नाव ठेवलेलं, किंचिन का काहीतरी?

रानभूल

किंचिनच. पूल ओलांडताना तीस्तेत पडला आणि गेला वाहून. तो परिच्छेद वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं मी.

दगडफूल

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर येतो, 'ताडून बघता येईल का'. माझ्या मते हाच धाग्याचा खरा विषय आहे, परवाने आणि जीप नाहीत.

हे काम सिक्कीममध्ये एकदा झालेलं आहे. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 ते 2010 या काळात सिक्कीमच्या उंचावरच्या खोऱ्यांत सर्वेक्षण करून हुकरच्या 1849-50 च्या नोंदींशी तुलना केली. 2013 साली निबंध आला. त्या भागापुरत्या मर्यादित 124 जाती घेतल्या होत्या. त्यातल्या 87 टक्के जातींच्या उंचीच्या पट्ट्यात बदल दिसला. वर सरकण्याचा सरासरी वेग दशकाला 27.5 मीटर. निष्कर्ष असा की तापमान वाढतंय, विशेषतः हिवाळे ऊबदार होतायत आणि झाडं वर सरकतायत.

पण आकड्याला चिकटलेलं अधिक-उणे बघा: 22 मीटर! म्हणजे जातीजातीत प्रचंड फरक. 'हिमालयातली झाडं दशकाला 27 मीटर चढतात' असा मथळा करून मोकळं होऊ नये.

काटेसावर

दगडफूल, तुम्ही नेमकं दुखऱ्या ठिकाणी बोट ठेवलंत. त्यात माझी भर.

हुकर आणि त्याचा वनस्पतितज्ज्ञ मित्र थॉमसन यांचे नमुने जगभरच्या वनस्पतिसंग्रहांत वाटले गेले. त्यांच्यावरची छापील चिठ्ठी बघितली आहे का कुणी? क्यूच्या संकेतस्थळावर शेकड्यांनी दिसतील. त्यावर असतं ते एवढंच: सिक्कीम, समशीतोष्ण पट्टा, उंची 7-10,000 फूट, संग्राहक जे.डी.एच. बस. कुठली दरी, कुठला उतार, कुठली तारीख, काही नाही. सात ते दहा हजार फूट म्हणजे 900 मीटरहून जास्त रुंद पट्टा. आणि दशकाला 27.5 मीटर धरले तरी 160 वर्षांत सरकणं होतं 440 मीटर. म्हणजे मोजायची वस्तू मोजपट्टीच्या एका घरात दोनदा बसते.

आपल्या सह्याद्रीच्या नमुन्यांची तर आणखीच मजा. त्याच संचातल्या एका चिठ्ठीवर पत्ता काय, तर 'मलबार, कोकण, इत्यादी' आणि संग्राहक 'स्टॉक्स, लॉ, इत्यादी'. त्या पत्त्यावर आजचा पोस्टमन काय करेल सांगा!

याचा अर्थ दिल्लीच्या लोकांचं काम चुकीचं असं मी म्हणत नाही. वृक्षरेषेच्या (जिच्या वर मोठी झाडं वाढत नाहीत त्या उंचीच्या) वरच्या, थोड्याच उंचीत राहणाऱ्या जातींना ही अडचण कमी जाणवते आणि त्यांनी तशाच घेतल्या. मी म्हणतेय ते तुमच्यासाठी: चिठ्ठीवर विसंबून डोंगर चढू नका.

सह्यवेडा

मग कशावर विसंबायचं?

काटेसावर

प्रवासवर्णनावर, आणि जमलं तर त्याच्या हस्तलिखित टिपणवह्यांवर. त्या क्यूच्या दप्तरात आहेत, पत्रव्यवहार तर बराचसा ऑनलाइन आलाय. पुस्तकात तारीख आहे, मुक्काम आहे, मुक्कामाची उंची आहे, आणि त्या दिवशी काय दिसलं ते आहे. चिठ्ठीत हरवलेली जागा अशी दिनक्रमातून परत मिळवता येते. कष्टाचं आहे, पण घरबसल्या करण्यासारखं आहे आणि निघण्याआधीच करायचं आहे.

दगडफूल

आणि हे न केल्यावर काय होतं त्याचं उदाहरण इक्वेडोरमध्ये आहे. वनस्पतिभूगोलाचा जवळजवळ कुळपुरुष अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि त्याचा सोबती एमे बोंप्लाँ 23 जून 1802 ला चिंबोराझो ज्वालामुखीवर चढले. शिखर राहिलं, पण 5,900 मीटरच्या आसपास पोचल्याचा हुम्बोल्टचा दावा होता. 1807 साली त्याने डोंगराचा तो प्रसिद्ध उभा छेद प्रसिद्ध केला. कुठल्या उंचीवर कुठली झाडं ते डोंगराच्या अंगावरच लिहिलेलं.

2012 मध्ये एका गटाने चिंबोराझोवर जाऊन पुन्हा सर्वेक्षण केलं. 2015 ला निष्कर्ष: 210 वर्षांत वनस्पतींच्या सीमा सरासरी 500 मीटरहून जास्त वर गेल्या. जगभर गाजलं. मग 2019 मध्ये दुसऱ्या गटाने बोंप्लाँच्या टिपणवह्या, नमुने आणि छापील मजकूर एकमेकांसमोर ठेवले. तेव्हा कळलं की चित्रात चिंबोराझोच्या वृक्षरेषेच्या वर लिहिलेल्या बहुतेक वनस्पती चिंबोराझोवर गोळा केलेल्याच नव्हत्या! त्या मुख्यतः आंतिसाना या दुसऱ्या ज्वालामुखीवरच्या, काही महिने आधीच्या. छेद हा एका डोंगराचा नव्हताच, तो अँडीजचा एकत्रित आराखडा होता, चिंबोराझोच्या आकारात बसवलेला. मग ते लोक आंतिसानावर गेले, मूळ जागेच्या जवळपास मोजलं, आणि आकडा निघाला 215 ते 266 मीटर. निम्म्यावर आला.

लक्षात घ्या, दोन्ही गट डोंगर चढलेच. पहिला गट हुम्बोल्टच्या चित्राच्या मागे गेला, दुसरा त्याच्या वह्यांच्या मागे.

माळरान

बापरे. हे माहीतच नव्हतं. म्हणजे झाडं वर सरकतायत हे दोन्हीकडे खरंच, फक्त किती यावर भांडण?

दगडफूल

हो. दिशा पक्की आहे. अंतर मात्र जुन्या नोंदीच्या दर्जावर अवलंबून.

बखरीबाहेर

याबाबतीत हुकर हुम्बोल्टपेक्षा उजवा ठरतो हे मी कबूल करतो. उंची मोजण्याबद्दल तो कमालीचा काटेकोर होता. बॅरोमीटर होताच, शिवाय पाणी उकळून. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण साडेपाचशे फुटांमागे एक अंश फॅरनहाइट. त्याची वाचनं कलकत्त्याच्या वेधशाळेतल्या त्याच वेळच्या वाचनांशी जोडून उंची काढली जायची. अर्थात थर्मामीटरवर एक दशांश अंशाची गडबड झाली की पन्नास-पंचावन्न फूट इकडेतिकडे. डोंक्या लाची उंची त्याने 18,466 फूट दिली. वाऱ्यात, बोटं गारठलेली असताना, शेगडीवर पाणी उकळत ठेवून. राजकीयदृष्ट्या तो आगाऊ होता, पण कामात कुचराई नाही.

हिमकण

उशिरा आले धाग्यावर. उत्तर सिक्कीमला कामानिमित्त बरंच जाणं झालंय, म्हणून चुंगथांगबद्दल लिहिते. रानभूल, तुमच्या यादीत ते आहे.

लाचेन आणि लाचुंग या दोन नद्या जिथे मिळून तीस्ता होते ते हे गाव. हुकरचा दुसऱ्या फेरीतला हा मोठा तळ; इथून तो आधी लाचेनकडे, मग लाचुंगकडे गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये, 3 आणि 4 तारखेच्या मधल्या रात्री, वरचं साउथ ल्होनाक हिमसरोवर फुटलं. ते पाणी झेमूच्या वाटेने लाचेन नदीत आणि तिथून चुंगथांगला आलं. तीस्ता-3 प्रकल्पाचं धरण वाहून गेलं, गावाचा मोठा भाग गाळाखाली गेला. काठाची जंगलं, पूल, जुन्या पायवाटा, सगळ्याचा नकाशाच बदलला. हुकरने झेमूच्या संगमाजवळ तळ टाकून जे काठाचं वर्णन केलंय ते आज शब्दशः शोधायला गेलात तर दगडगोटे सापडतील. त्यानंतरही रस्ते-पूल वारंवार तुटलेत. लाचेनची बाजू चालू आहे का, हे निघायच्या आठवड्यातच विचारा, महिनाभर आधीच्या माहितीवर जाऊ नका.

म्हणून 'इथे पूर्वी हे झाड होतं, आता नाही' असं दिसलं की लगेच हवामानाच्या खात्यात टाकू नका. दरड, पूर, रस्ता, लष्करी तळ, याक चरणं, सरपण, यातलं काहीही असू शकतं. हुकरनेच यांगमाच्या खोऱ्यात हिमनद्यांनी आणून टाकलेले बांध आणि त्यामागे तुंबलेल्या जुन्या सरोवरांच्या खुणा बारकाईने लिहून ठेवल्या आहेत. हे डोंगर स्थिर नाहीत, हे त्याला कळलं होतं.

सह्यवेडा

एवढं सगळं वाचून आता मला सिंगलीलाच बरं वाटायला लागलंय.

हिमकण

सिंगलीला वाईट नाहीच. पण युमथांग बघा ना. लाचुंगच्या वर, रस्ता आहे, शिंगबा ऱ्होडोडेंड्रॉन अभयारण्य तिथेच, आणि गरम पाण्याचे झरे हुकरच्या पुस्तकातलेच. मे महिन्याचा पहिला पंधरवडा धरा. फक्त एक: अभयारण्यात फूल-पान तोडायचं नाही, बिया उचलायच्या नाहीत. परवानगीशिवाय वनस्पती गोळा करणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. हुकरची सगळी पद्धत वापरायची नाही!

रानभूल

सगळ्यांचे आभार. धाग्याने माझा बेत बराच बदलला.

डोंक्या, चो ल्हामू आणि नेपाळ बाद. लांबलचक वाट कापायची हौस आवरली. चुंगथांगहून लाचुंग, युमथांग एवढाच पट्टा, मे महिन्यात. निघण्याआधी 1849 च्या लाचुंग खोऱ्यातल्या मुक्कामांची तारीखवार यादी काढतो: मुक्काम, त्याने दिलेली उंची, त्या पानावरची झाडं. फक्त ऱ्होडोडेंड्रॉन घेऊ, कारण आमच्यातल्या कुणालाही गवतं ओळखता येत नाहीत. प्रत्येक जातीचं सगळ्यांत खालचं आणि सगळ्यांत वरचं झाड, दोन्हींचा फोटो, जागा आणि उंची. शेजारी रस्ता, दरड, चराई काय आहे तेही लिहायचं.

काटेसावर, यादी झाली की तुम्हाला दाखवली तर तपासाल का? आणि उंचीसाठी मोबाइल पुरेल का?

काटेसावर

पाठवा, नक्की बघते. फोटो काढताना नुसतं फूल नको. पानाची खालची बाजू घ्या. ऱ्होडोडेंड्रॉनची अर्धी ओळख तिथल्या लवीत आणि खवल्यांत असते. हॉजसनी असेल तर खोडाची सोलणारी गुळगुळीत सालही घ्या.

दगडफूल

मोबाइल चालेल, पण अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतंय का ते तपासा. काही अ‍ॅप उपग्रहाच्या गणिती पृष्ठभागापासूनची उंची दाखवतात आणि दोन्हींत कित्येक मीटरांचा फरक पडतो. तुम्ही जे मोजायला निघालात त्यात एवढा फरक म्हणजे एखाद-दुसरं दशक गेलंच. सगळ्यांनी एकच अ‍ॅप वापरा, आणि रोज सकाळी उंची ठाऊक असलेल्या एका जागी, एखादा सर्वेक्षणाचा दगड किंवा रस्त्यावरची पाटी, वाचन घेऊन ठेवा.

बखरीबाहेर

आणि वाटाड्या लाचुंगचाच घ्या. त्याचं नाव टिपणात पहिल्या ओळीत लिहा.